आयर्लंडमधले बिशप, आणि शाळा-दवाखान्यांचा सातबारा

लिफीकाठ

धाकटा यंदा सेकंड क्लासला आहे, म्हणजे आपल्याकडची दुसरी-तिसरी. डब्लिनच्या उपनगरातली शाळा, घरापासून चालत सात मिनिटं. बाई फार चांगल्या आहेत, मुलगा आनंदाने जातो. रोज अर्धा तास धर्माचा तास असतो. जानेवारीपासून त्या अर्ध्या तासाचा कधी पाऊण तास होतो, कधी सव्वा, कारण मे महिन्यात वर्गाचं पहिलं कम्युनियन असतं, म्हणजे मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी. आम्ही शाळेला लेखी दिलंय की याला धर्मशिक्षणातून वगळा. वगळतात म्हणजे शेवटच्या बाकावर बसवून रंगवायला कागद देतात. आयर्लंडच्या बत्तीस काउंट्यांचा नकाशा. मार्चपर्यंत त्याने तो तीनदा रंगवला. चौथ्यांदा काउंट्यांची नावं देवनागरीत लिहिली. कानांवर झाकण थोडंच असतं, त्यामुळे कम्युनियनची सगळी गाणी त्याला पाठ आहेत.

गाण्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वर्षभर डोक्यात एकच घोळतंय: ही शाळा आहे कोणाची? मग वाचायला लागले. जे हाती आलं ते इथे मांडते, कारण आपल्यातले बरेच जण आता डब्लिन, कॉर्क, गॉलवेला येताहेत आणि शाळेच्या अर्जावर 'रोमन कॅथलिक पेट्रनेज' वाचून माझ्यासारखेच गोंधळतात.

इथल्या प्राथमिक शाळेला 'नॅशनल स्कूल' म्हणतात. शिक्षकांचा पगार सरकार देतं, मुलामागे अनुदान सरकार देतं, गणित-इंग्रजीचा अभ्यासक्रम सरकार ठरवतं. पण प्रत्येक शाळेला एक 'पेट्रन' असतो, आणि दहातल्या जवळपास नऊ शाळांचा पेट्रन म्हणजे त्या भागातला कॅथलिक बिशप. व्यवस्थापन मंडळाचा अध्यक्ष तो नेमतो. मुख्याध्यापकाच्या नेमणुकीला त्याची संमती लागते. धर्माच्या तासाला काय शिकवायचं हे त्याचं. शाळेचं एकंदर वळण, ज्याला इथे 'एथॉस' म्हणतात, तेही त्याचं. आणि जमीन बहुतेक ठिकाणी चर्चच्या ट्रस्टच्या नावावर.

सुरुवात अशी नव्हती, याचं मला सर्वांत आश्चर्य वाटलं. १८३१ मध्ये एडवर्ड स्टॅनली या ब्रिटिश मंत्र्याने ड्यूक ऑफ लेन्स्टरला पत्र लिहून ही शाळाव्यवस्था सुरू केली, तेव्हा कल्पना होती की सगळ्या पंथांची मुलं एका वर्गात बसतील आणि धर्म तेवढा वेगवेगळा शिकवला जाईल. ती कोणत्याच चर्चला नको होती. अँग्लिकन मंडळींनी स्वतःच्या वेगळ्या शाळा काढल्या, प्रेस्बिटेरियनांनी विरोध केला, आणि पुढे आर्चबिशप पॉल कलन यांच्या काळात कॅथलिक चर्चनेही आपल्या मुलांसाठी आपल्याच शाळा हव्यात असा धोशा लावला. एकोणिसावं शतक संपेतो कागदावर मिश्र असलेली व्यवस्था प्रत्यक्षात पंथनिहाय झाली. पॅरिशचा धर्मगुरू हाच शाळेचा मॅनेजर. शिक्षक नेमणारा तो, काढणाराही तो.

१९२२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि नव्या सरकारने ही घडी तशीच ठेवली. १९३७ च्या राज्यघटनेतलं ४२वं कलम जरूर वाचा. मोफत प्राथमिक शिक्षण 'देणं' हे राज्याचं कर्तव्य असं त्यात लिहिलेलं नाही, तर त्याची 'तजवीज करणं' असं आहे. या एका क्रियापदावर इथे आजवर वकील भांडत आलेत. तजवीज सरकारची, शाळा दुसऱ्याची.

माझं म्हणणं असं की बिशपांची ताकद सार्वमतात किंवा संसदेत शोधून सापडणार नाही. ती सातबाऱ्यावर आहे. म्हणून घटस्फोट आला, समलिंगी विवाह आला, गर्भपाताचा कायदा बदलला, आणि माझा मुलगा मात्र अजून शेवटच्या बाकावर नकाशा रंगवतोय.

जुनी_पाटी

धागा आवडला. साताऱ्याकडे बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे शिक्षकांच्या बाजूने विचारते. पगार सरकारचा आणि नेमणूक धर्मगुरूची, तर मग शिक्षकाच्या खासगी आयुष्यावरही नजर असणार. तसं होतं का?

आणि आपल्या घटनेत २८वं कलम आहे ते तुम्हाला आठवत असेलच. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देताच येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. माझी पहिली नोकरी मिशनच्या अनुदानित शाळेत होती. तिथे प्रार्थनेच्या वेळी आमची बरीच मुलं मैदानावर असायची. मैदानावर, बाकावर नाही. हा फरक मला आज तुमचं वाचून कळला.

लिफीकाठ

जुनी_पाटी ताई, होतं. वेक्सफर्ड काउंटीतल्या न्यू रॉस गावच्या आयलीन फ्लिन यांची गोष्ट इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. सिस्टर्सच्या शाळेत त्या शिकवायच्या. बायकोपासून वेगळ्या झालेल्या एका गृहस्थाबरोबर राहत होत्या, त्यांना मूल झालं, आणि १९८२ मध्ये त्यांना काढून टाकलं. त्या काळी या देशात घटस्फोटच नव्हता, म्हणजे ठरवलं असतं तरी लग्न करता आलं नसतं. १९८५ मध्ये हायकोर्टानेही शाळेचीच बाजू उचलून धरली. पुढे १९९८ च्या नोकरीतल्या समानतेच्या कायद्यात धार्मिक संस्थांना सूट देणारं ३७वं कलम आलं. शाळेचा 'एथॉस' जपण्यासाठी संस्था कर्मचाऱ्यांत फरक करू शकते, अशा अर्थाचं. समलिंगी शिक्षक त्या कलमाच्या सावटाखाली स्टाफरूममध्ये घरचा विषयसुद्धा काढत नसत. ते सौम्य झालं २०१५ मध्ये.

संमतीचा हक्क इथेही घटनेत आहे, अगदी ४४व्या कलमात. पण मुलाला वर्गाबाहेर बसवलं तर लक्ष द्यायला माणूस नाही, म्हणून शेवटचा बाक. हक्क आहे, खोली नाही.

बावखल

मी वसईचा, कॅथलिक. इथे माझा सूर थोडा वेगळा लागेल, तरी लिहितो.

लिफीकाठ, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. सक्तीने कानावर पडलेली प्रार्थना ही प्रार्थना नव्हे, हे आमच्या धर्मग्रामातले जुने फादरही सांगतील. पण सातबारा बिशपांच्या हाती आला कसा, तेही बघा. अठराव्या शतकात पीनल लॉज म्हणून कायदे होते. कॅथलिकांना शाळा चालवायला मनाई, मुलांना शिकायला परदेशी पाठवायला मनाई. गावकरी कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात मुलं जमवून शिकवायचे, 'हेज स्कूल' म्हणतात ते. त्या माणसांच्या नातवंडांना शाळा काढायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी पेनी-पेनी गोळा करून चर्चच्या शेजारी शाळा बांधली. जमीन चर्चची का? कारण गरीब कॅथलिकांची म्हणावी अशी दुसरी संस्थाच नव्हती.

दवाखान्यांचंही तेच. मेरी एकनहेड यांनी १८३४ मध्ये डब्लिनला सेंट व्हिन्सेंट्स सुरू केलं. मेटर १८६१ चं, सिस्टर्स ऑफ मर्सीचं. कॉलराच्या साथीत लोक ज्यांच्या दारात जायचे त्या या बायका. पगार नाही, पेन्शन नाही. नव्या आयरिश सरकारकडे पैसा नव्हता, त्याला हे सगळं आयतं मिळालं.

शिवाय एक दुरुस्ती: दवाखाने बिशपांचे नव्हतेच, सिस्टर्सच्या संघांचे होते. बिशप आणि संघ यांचा कारभार वेगळा असतो, अनेकदा त्यांच्यात पटतही नाही. सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

रात्रपाळी

कॉर्कला दवाखान्यात आहे, अकरा वर्षं. बावखल यांची दुरुस्ती बरोबर आहे, पण कॅथलिक दवाखान्यात कोणतं औषध, कोणती शस्त्रक्रिया चालेल आणि कोणती नाही, हे ठरताना बिशपांच्या शब्दाला मोठं वजन असायचं, मालक सिस्टर्स असल्या तरी.

आणि आरोग्याचा विषय निघालाय तर डॉ. नोएल ब्राउन यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ब्राउन यांचे आई-वडील दोघंही क्षयाने गेले. स्वतःलाही क्षय झाला होता. १९४८ मध्ये निवडून आले आणि संसदेतल्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री झाले, वय ३२. क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम बांधण्याचा त्यांनी सपाटा लावला. मग हातात घेतली 'मदर अँड चाइल्ड स्कीम'. गरोदर बाईला आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलाला मोफत उपचार, उत्पन्नाचा दाखला न मागता. एवढंच. सीमेपलीकडे बेलफास्टमध्ये एव्हाना ब्रिटिश आरोग्यसेवा सुरू झाली होती.

१० ऑक्टोबर १९५० ला बिशपांनी पंतप्रधान कॉस्टेलो यांना पत्र लिहिलं. मुलांच्या आरोग्याची काळजी घेण्याचा हक्क आई-वडिलांचा आहे, राज्याचा नाही, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी डब्लिनचे आर्चबिशप मॅक्क्वेड यांनी ब्राउन यांना ड्रमकॉन्ड्राच्या आपल्या निवासात बोलावून ते वाचून दाखवलं. फेर्न्स आणि गॉलवेचे बिशपही हजर होते. त्यांची खरी भीती अशी की मातृत्वाबद्दल सल्ला देण्याचं काम सरकारी डॉक्टरकडे गेलं, तर संततिनियमनाचं ज्ञान मागच्या दाराने घरात शिरेल. डॉक्टरांची संघटनाही योजनेच्या विरोधात होती, आणि तिथे कारण उघडउघड पैशाचं होतं, खासगी फी बुडणार. माझ्याच व्यवसायातली माणसं म्हणून हे मला जास्त लागतं. बिशपांना तत्त्व होतं, आमच्या लोकांना गल्ला होता.

एप्रिल १९५१ मध्ये बिशपांनी योजना अमान्य केली, मंत्रिमंडळाने ब्राउन यांना एकटं पाडलं, आणि ११ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. जाताना सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्राला दिला. दुसऱ्या दिवशी 'आयरिश टाइम्स'मध्ये देशाने पहिल्यांदा वाचलं की बंद दाराआड बिशप आणि मंत्री एकमेकांना काय लिहितात. त्याच दिवशी कॉस्टेलो संसदेत उभे राहून म्हणाले की कॅथलिक म्हणून मी माझ्या धर्माधिकाऱ्यांची आज्ञा पाळतो आणि पाळत राहीन.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ड्यूटीवर होते. समोर एक बाळंतीण होती, तिच्या प्रसूतीला एक पैसाही लागणार नव्हता. १९५३ च्या आरोग्य कायद्याने तडजोड करून यातलं बरंच आणलं. पण सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला उत्पन्न न विचारता फॅमिली डॉक्टरकडे मोफत जाता यायला जुलै २०१५ उजाडला. चौसष्ट वर्षं.

गडनदी

रात्रपाळी, फार नेमकं लिहिलंत. जुलै २०१५ मध्ये आरोग्यमंत्री कोण होते, ते मी सांगतो: लिओ वराडकर. मूळ गाव वराड, तालुका मालवण. त्यांचे वडील मुंबईहून डॉक्टर म्हणून ब्रिटन-आयर्लंडला गेले, आई वॉटरफर्ड काउंटीतल्या नर्स. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान म्हणून कुटुंबासह ते वराडला आले तेव्हा अख्खा गाव लोटला होता. आमच्या घरी अजून त्याची गोष्ट सांगतात.

टिळकवाडी

बेळगावहून लिहितेय. धाग्यात ते नाव अजून आलं नाही, म्हणून मी घेते. सविता हलप्पनवार.

आमच्या गावची मुलगी. दातांची डॉक्टर. वय ३१. सतरा आठवड्यांची गरोदर असताना २१ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, तोवर करता येत नाही, असं उत्तर मिळालं. 'हा कॅथलिक देश आहे' हे वाक्य वॉर्डात बोललं गेलं, आणि ते बोलल्याचं एका दाईने पुढे चौकशीत मान्य केलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने सविता गेली. नोव्हेंबरच्या मध्यावर बातमी फुटली. त्या आठवड्यात बेळगावात जो तो तेच बोलत होता. माझी आई, जिने आयर्लंड नकाशावर कधी पाहिलं नव्हतं, ती विचारायची, 'अगं पण ती स्वतः सांगत होती ना?'

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही.

लिफीकाठ

टिळकवाडी, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. मला तिच्याबद्दल सुरुवातीलाच लिहायचं होतं, शब्द पुढे जाईनात.

मे २०१८ मध्ये गर्भपाताच्या सार्वमताच्या वेळी पोर्टोबेलो भागात एका भिंतीवर तिचं मोठं चित्र काढलं होतं. २५ मेला मतदान झालं, ६६.४ टक्के लोकांनी आठवी घटनादुरुस्ती रद्द करायला कौल दिला. त्या शनिवार-रविवारी लोक त्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवत होते. शेकडो. बहुतेकांवर एकच शब्द, 'सॉरी'. मी तिथे गेले होते. शेजारी एक सत्तरीची आयरिश बाई उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि काही न बोलता माझा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

बावखल

सविताबद्दल मला काहीही समर्थन करायचं नाही. वसईत आमच्या चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली होती.

फक्त घटनाक्रम नीट राहावा म्हणून: ते हॉस्पिटल सरकारी होतं. बिशपांचं नाही, सिस्टर्सचंही नाही. १९८३ ची आठवी दुरुस्ती, जिच्यामुळे गर्भाच्या आणि आईच्या जीवाला समान हक्क मिळाला, तिची मोहीम सामान्य श्रद्धाळूंच्या संघटनेने चालवली. बिशपांनी तेव्हाच्या पत्रकात 'होय' म्हणा असं सुचवलं, पण ज्याने त्याने सदसद्विवेकाने मत द्यावं हेही म्हटलं होतं. जवळपास ६७ टक्के लोकांनी होय म्हटलं. म्हणून लिफीकाठ, तुमचा सातबाऱ्याचा मुद्दा इथे लागू पडत नाही. मालकी सरकारची होती, तरी ती गेली.

जुनी_पाटी

बावखल यांचा मुद्दा मला पटतो. यावर लिफीकाठ यांचं उत्तर ऐकायचं आहे.

लिफीकाठ

दोन दिवस विचार करून लिहितेय.

बावखल दादा, तुमचं खरं आहे. माझं पहिलं मांडणं अपुरं होतं. टूआमचं उदाहरण घेतलं तरी तेच दिसतं. गॉलवे काउंटीतलं हे अविवाहित मातांचं वसतिगृह १९२५ ते १९६१ बॉन सेकूर सिस्टर्सनी चालवलं, पण इमारत काउंटी कौन्सिलची होती आणि खर्चही कौन्सिलच करत होती. कॅथरीन कॉर्लेस नावाच्या स्थानिक अभ्यासक बाईंनी मृत्युदाखले एकेक करून मिळवले, ७९६ मुलांचे. पुरल्याची नोंद कुठेच नाही. जुन्या सांडपाण्याच्या बांधकामात मुलांचे अवशेष सापडले. २०२१ च्या जानेवारीत आयोगाचा अहवाल आला, अशा अठरा संस्थांत मिळून सुमारे ९,००० मुलं दगावली. सरकारी निरीक्षक त्या संस्थांना भेटी देत होते, अहवाल लिहीत होते, ते अहवाल खात्यात पडून राहत होते.

इंडस्ट्रियल स्कूल म्हणून ज्या निवासी शाळा होत्या, त्यांतल्या अत्याचारांवरचा रायन अहवाल २००९ चा. तिथेही कोर्ट मुलांना पाठवायचं, सरकार डोईमागे पैसे द्यायचं, ख्रिश्चन ब्रदर्स आणि सिस्टर्स चालवायच्या, आणि मुलांच्या छळाची तक्रार शिक्षण खात्यात पोचली तरी खातं बहुतेक वेळा तिकडे काणाडोळा करायचं. आता मी असं म्हणेन: राज्याने आपली जबाबदारी दुसऱ्याच्या पदरात टाकली आणि बघणं सोडून दिलं. जिथे जमीन चर्चची होती तिथे ते सोपं होतं. जिथे सरकारची होती तिथेही सवय तीच. गॉलवेच्या त्या वॉर्डात सरकारी दाईच्या तोंडी जे वाक्य आलं, ते कुठल्या बिशपाने तिला पाठवलेलं नव्हतं. तिने ते शाळेपासून ऐकलं असणार.

म्हणून मी पुन्हा शाळेकडेच येते.

बावखल

हे मान्य. मनापासून मान्य.

रायन अहवालातले काही भाग मी वाचले. लेटरफ्रॅक या इंडस्ट्रियल स्कूलचं प्रकरण वाचताना मध्येच बंद केलं. ज्या ख्रिश्चन ब्रदर्सनी भारतातही शाळा चालवल्या आणि ज्यांच्याबद्दल माझ्या काकांच्या तोंडून आयुष्यभर चांगलंच ऐकलं, त्याच संघाच्या माणसांनी तिथे हे केलं. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस डब्लिनला गेले तेव्हा वराडकर यांनी डब्लिन कॅसलमध्ये केलेलं भाषण मी ऐकलं. सिस्टर्सनी उभारलेल्या शाळा-दवाखान्यांचं ऋण त्यांनी मानलं, आणि मॅग्डलीन लाँड्री (बायकांना कोंडून राबवणारी सिस्टर्सची धुलाईघरं), मातांची वसतिगृहं, इंडस्ट्रियल स्कूल ही नावं पोपसमोर उच्चारली. श्रद्धाळू माणूस म्हणून मला ते भाषण अपमानाचं वाटलं नाही.

रात्रपाळी

दवाखान्यांचं आताचं काय, असं एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

डब्लिनचं हॉलेस स्ट्रीटचं प्रसूतिगृह जुनं झालंय, ते सेंट व्हिन्सेंट्सच्या आवारात हलवायचं ठरलं. २०१७ मध्ये बातमी आली की सरकारी पैशातून बांधलेलं नवं प्रसूतिगृह सिस्टर्स ऑफ चॅरिटीच्या मालकीच्या संस्थेकडे जाणार. लोक रस्त्यावर आले. तिथले माजी मास्टर, म्हणजे प्रमुख, डॉ. पीटर बॉयलन यांनी बोर्डाचा राजीनामा दिला. सिस्टर्सनी बाजूला होतो असं जाहीर केलं, पण शेअर प्रत्यक्ष हस्तांतरित व्हायला २०२२ उजाडलं. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्रिमंडळाने करार मंजूर केला: जमीन २९९ वर्षांच्या भाड्याने, वर्षाला १० युरो. करारात 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य' उपचार मिळतील असे शब्द आहेत, आणि ते कशाला घातले यावर आम्हा डॉक्टरांत अजून वाद होतात. माझं मत विचाराल तर जमीन सरळ विकत घ्यायला हवी होती.

लिफीकाठचा सातबारा इथे मात्र शब्दशः लागू पडतो.

गडनदी

शाळा बदलताहेत का पण? २०१८ चा प्रवेशाचा कायदा आला ना? माझ्या चुलतभावाने मुलीचा स्नानसंस्कार करून घ्यावा का असं २०१४ मध्ये खरंच विचारलं होतं, जवळच्या शाळेत जागा मिळेना म्हणून.

लिफीकाठ

गडनदी, तुमचा भाऊ एकटा नव्हता. 'बॅप्टिझम बॅरियर' असं त्याला नावच पडलं होतं. जागा कमी असतील तर कॅथलिक शाळा बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी घेऊ शकायची, मग तो दुसऱ्या टोकाला राहणारा का असेना. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांसाठी तो निकष गेला. आमच्या धाकट्याला दाराशी कोणी काही विचारलं नाही, ते त्यामुळेच.

पण दार उघडलं, घर तेच राहिलं. २०११ मध्ये शिक्षणमंत्री रुआरी क्विन यांनी शाळांच्या पेट्रनेजवर प्रा. जॉन कूलहन यांच्या अध्यक्षतेखाली फोरम नेमला, २०१२ मध्ये अहवाल आला. क्विन यांच्या मनात निम्म्या शाळा चर्चकडून काढून घ्यायचं होतं. डब्लिनचे तेव्हाचे आर्चबिशप डिअरमिड मार्टिन स्वतः म्हणत होते की चर्चकडे गरजेपेक्षा जास्त शाळा आहेत. मंत्री तयार, आर्चबिशप तयार, तरी मोजक्याच शाळा बदलल्या. सरकारने मग २०३० पर्यंत ४०० बहुधर्मीय शाळांचं लक्ष्य ठेवलं, तिकडची चाल अजून गोगलगाईची आहे.

कारण? २०१९ मध्ये मालाहाइड-पोर्टमार्नक भागात आठ कॅथलिक शाळांतली एक बदलायचा विषय निघाला. काही शाळांनी पालकांना कळवलं की हे झालं तर नाताळ साजरा होणार नाही. खात्याने ते खोडून काढलं, पण पालक घाबरले ते घाबरले. बदल हवा असं सर्वेक्षणात सांगणारे लोकही आपल्या मुलाची शाळा बदलायची म्हटली की मागे सरतात. मी त्यांना दोष देत नाही. त्या शाळेत त्यांची आजी शिकली आहे.

सामान_बांधतोय

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आम्ही ऑगस्टमध्ये कॉर्कला जातोय, मुलगी सहा वर्षांची. शाळेला नेमकं काय विचारू?

लिफीकाठ

स्वागत! आधी शाळेचं प्रवेश धोरण मागा. ते छापील असतं आणि संकेतस्थळावरही असतं. धर्मशिक्षणाला न बसणाऱ्या मुलांची काय व्यवस्था आहे, ते त्यात लिहिणं २०१८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. 'मुख्याध्यापकांशी चर्चा करून ठरवू' एवढंच लिहिलं असेल तर तिथे थांबू नका. भेटायला जा आणि विचारा, की त्या अर्ध्या तासात ती कुठे बसेल, कोणाबरोबर, आणि हातात काय असेल. एज्युकेट टुगेदर किंवा कम्युनिटी नॅशनल स्कूल, म्हणजे बहुधर्मीय शाळा, जवळ असेल तर तिथेही आजच नाव घाला, प्रतीक्षायादी असते. आणि मुलगी सेकंड क्लासला गेली की जानेवारीच्या आधी बाईंना भेटा, मेच्या आधी नाही.

आमच्या बाईंना मी गेल्या आठवड्यात भेटले. नकाशाचं सांगितलं, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारपासून धाकटा आणि त्याच्यासारखी आणखी दोन मुलं त्या वेळात सीनियर इन्फंट्सच्या वर्गात जाऊन लहानांना वाचून दाखवतात.

रात्रपाळी

सामान_बांधतोय, कॉर्कमधली शाळांची यादी व्यक्तिगत निरोपात पाठवते. कोणत्या भागात घर घेताय ते कळवा.